संदर्भ हवा

उजनी धरणाचं पाणी खाली गेलं की झुंबरची पायपीट वाढायची. पावसाळ्यात होडी घरापासून हाकेवर बांधलेली असे. वैशाखात तिच्यापर्यंत पोचायला वाळलेला गाळ तुडवत जावं लागे. वरून पापडासारखा कडक, खालून ओला. पाय टाकला की पापड मोडायचा आणि घोटा आत जायचा. जाताना खांद्यावर वल्हं, येताना डोक्यावर माशांचा क्रेट. क्रेटमधलं पाणी मानेवरून पाठीत उतरायचं आणि उन्हात तिथंच वाळायचं. अंगाचा वास आंघोळीनंही जात नसे.

रतन होती तोवर क्रेटची दुसरी बाजू तिच्या हातात असायची. गेल्या ज्येष्ठात ती गेली. पोटात दुखतंय म्हणाली. भिगवणला दाखवली, भिगवणहून बारामतीला नेली, बारामतीहून पुण्याला. पुण्याहून आली ती पांढऱ्या गाडीतून.

त्या दोघांची कामं वाटलेली होती. झुंबर मासे काढायचा आणि रतन निवडायची. तिच्या हातांना बघावं लागत नसे. कटला इकडं, मरळ तिकडं, वाम वेगळी, चिलापीचा ढीग मधे. बोलता बोलता ती सगळा क्रेट मोकळा करायची. झुंबरला मासा म्हणजे वजन. तिला एकेकाची ओळख होती. आता निवडायला त्यांची मुलगी प्रगती बसायची. ती बारामतीच्या कॉलेजात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होती, विषय प्राणिशास्त्र. माशांची इंग्रजी नावं तिला पाठ होती, पण चिलापीचे काटे कुठून धरल्यावर लागत नाहीत ते अजून कळलं नव्हतं. तिची बोटं सदा चिकटपट्ट्यांनी गुंडाळलेली असायची.

त्या दिवशी ती दुपारच्या एसटीनं आली आणि कपडे न बदलता क्रेटपाशी बसली. झुंबर जाळ्यातली जलपर्णी काढत होता.

"काय झालं?"

"काय न्हाय."

"मग त्या माशाचं डोकं कशाला पिळतीयास? मेलाय त्यो कवाच."

प्रगतीनं मासा टाकून दिला. "मॅडमनी फाइल परत दिली. समद्यांचीच दिली."

तिनं सांगितलं ते असं. राजेश्वरी मॅडमनी वर्गाला प्रकल्प दिला होता, भीमेच्या खोऱ्यातले मासे. पोरांनी मोबाइलवर नेटवरचा ज्ञानकोश उघडला. त्यात एक यादी होती. सगळ्यांनी तीच यादी उतरवली, त्याच क्रमानं, त्याच चुकांसकट.

"आणि आबा, एका माशापुढं कंसात लिवलंय, 'संदर्भ हवा'. म्हंजी ह्ये खरं कशावरनं, त्याचा दाखला कुणीतरी द्या. तर पोरांनी त्येबी उतरून घेतलं. एकीनं त्याच्याखाली रंगीत पेनानं रेघ मारलीया."

झुंबरला हसू आलं. प्रगतीलाही आलं आणि लगेच गेलं.

"मॅडम म्हणल्या, ज्ञानकोश म्हंजी एसटी स्टँड. तितं उतरायचं, कुठं जायचं त्ये इचारायचं आणि निघायचं. तुमी सगळी स्टँडवरच हातरूण टाकून झोपलाय."

"तूबी झोपलीस?"

"मी न्हाय झोपले." तिनं बोटावरची सुटलेली पट्टी दाबली. "ज्याच्यापुढं त्ये लिवलंय त्यो मासा म्हंजी खडशी. इंग्रजी नाव लांबलचक हाय, पण चित्र तिचंच. मी लिवलं, उजनीच्या पाण्यात बुडालेल्या जुन्या घाटाच्या खडकात ही अजून घावती, असं माझी आई सांगायची."

झुंबरचे हात थांबले.

"मग?"

"मॅडमनी त्याला गोल केला. बाजूला लिवलं, पुरावा?"

काठावरून बगळा उठून पुढं जाऊन बसला.

"त्यो ज्ञानकोश लिवतं कोण?"

"कुणीबी."

"कुणीबी म्हंजी?"

"कुणीबी. तुमीसुदा लिवू शकता."

"मग तुझ्या आयचं का घेत न्हाईत?"

"लिवता येतं आबा. पण दाखला न्हाय दिला तर दुसरं कुणीतरी येऊन पुसतं. पुस्तकात आलेलं पायजे, न्हाईतर अहवालात. आईनं सांगितलं त्याला दाखला म्हणत न्हाईत."

पुढचं तिनं क्रेटकडं बघत सांगितलं. वर्गातला एक प्रकल्प मॅडम पुण्याला पाठवणार होत्या. ज्याचा जाईल त्याच्या पुढच्या शिक्षणाचं, वसतिगृहाचं त्या स्वतः बघणार होत्या. "खडशीचा फोटो आणलास तर तुझाच जाईल, म्हणल्या. बाकीच्यांच्या फायलीत नसलेलं काहीतरी तुझ्याकडं एकटीकडंच हाय. मिरगापर्यंत मुदत दिलीया."

"आणतो," झुंबर म्हणाला.

"आबा, तुमी शेवटची कवा बघितली?"

त्यानं आठवून बघितलं. वीतभर लांब, पोटाखाली खरखरीत, तोंडाला दोन मिशा, शेपटीजवळ काळा पट्टा. हे सगळं त्याला रतनच्या तोंडून माहीत होतं. ती कधीमधी क्रेटमधून एखादा मासा बाजूला काढायची आणि म्हणायची, ही खडशी, ही इकायची न्हाय, घरात करायची. त्यानं ती खाल्ली होती. बघितली असणारच.

"तुझी आय खोटं बोलायची न्हाय," तो म्हणाला.

*

भिगवणच्या मासळी बाजारात दुसऱ्या दिवशी त्यानं अडत्याला विचारलं. जोतीराम लिलावाच्या ओट्यावर उभा होता. अंगात पांढरा शर्ट, पायात गमबूट. त्याच्यापुढं चिलापीचे क्रेट ओळीनं मांडलेले.

"खडशी?" जोतीराम सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "झुंबरराव, चिलापीला गिऱ्हाईक बघायची माझी मारामार, आन् तुमी पाण्यातनं तुमचा आजा काढाय निघालाय व्हय?"

ओट्याखालचे लोक हसले. झुंबरही थोडा हसला. तो हसला नसता तर जोतीराम आणखी बोलला असता.

"पोरीच्या अभ्यासाला पायजे."

"पोरगी हुशार हाय, ठावं हाय मला. आता परीक्षा झाली की माझ्याकडं काट्यावर बसव. वजन करायला, लिवायला माणूस पायजेच हाय. तुझा माल हितंच, पोरगी हितंच. लांब कशाला धाडतुयास? घरात बाई न्हाय तुझ्या."

शेवटचं वाक्य तो हळू आवाजात बोलला. त्यात टोमणा नव्हता. झुंबरनं रिकामा क्रेट उचलून डोक्यावर घेतला.

वस्तीवर सगळ्यांत म्हातारा गेणबा. धरण बांधायच्या आधी वाहत्या भीमेत मासे धरलेला तो एकटाच उरला होता. बाभळीखाली बाजेवर पडून असायचा. डोळ्यांत मोतीबिंदू. प्रगतीनं मोबाइलवरचं खडशीचं चित्र त्याच्या नाकापाशी धरलं.

"गेणबातात्या, ही घावायची का घाटापाशी?"

"व्हय की. लई घावायची."

"आन् आता?"

"आताबी घावती."

झुंबरचं तोंड उजळलं. प्रगतीनं चित्र बदललं आणि पुन्हा धरलं. "आन् ही?"

"हीबी. लई."

"तात्या, ह्यो समुद्रातला बांगडा हाय."

"मग त्यो घाटाच्या पलीकडं घावायचा," गेणबा म्हणाला. स्वतःच हसला आणि खोकला. खोकता खोकता त्यानं झुंबरचं मनगट धरलं. "ऐक. पाणी उतरलंय. घाटाच्या पायऱ्या आता दोन पुरुष खोल पाण्याखाली असत्याल. खडशी चिखलात ऱ्हात न्हाय, दगडाला धरून ऱ्हाती. तुझं जाळं वर तरंगतंय, तिला काय करणार? बारीक घरांचं जाळं घे आन् खाली शिसं लाव. दगडाला टेकलं पायजे."

म्हाताऱ्याचं हे तरी खरं धरावं का, प्रगतीला कळेना. झुंबरनं धरलं.

*

जाळं बांधायला आठवडा गेला. बारीक घरांचं तयार जाळं त्यानं आणलं, पण शिसं त्यालाच ओवावं लागलं. पूर्वी हे काम रतन करायची. दोऱ्याची गाठ ती दातांनी आवळायची. झुंबरचे पुढचे दात पडलेले. तो गाठ पायाच्या अंगठ्यात धरून ओढायचा आणि दोरा कातडीत रुतायचा. उन्हं डोक्यावर आली की ओट्यावर सावली नसे. तो पोतं डोक्यावर घेऊन बसायचा. प्रगती कॉलेजातून आली की तिच्या भागाच्या गाठी मारायची.

"आबा, एक तरी घावंल ना?"

"एकच पायजे ना तुला?"

"एकच. नुसता फोटो. फोटो काढून सोडून दिली तरी चालंल."

"सोडून कशाला देयाची? तुझी आय कालवण करायची तिचं."

तिनं पुढची गाठ आवळली. दोघांनी त्या दिवशी बरंच काम केलं.

जाळं टाकायच्या संध्याकाळी प्रगतीनं हळदकुंकू आणलं. नवं जाळं पहिल्यांदा पाण्यात जाताना ते लावायचं. आणि त्यात जो पहिला मासा येईल तो आसरांचा, पाण्यातल्या सातजणींचा. तो ठेवायचा नाही आणि त्याच्याकडं बघायचंही नाही. तोंड फिरवून नुसत्या हातानं सोडवायचा आणि पाण्याला परत द्यायचा. बघितला की हाव सुटती, असं झुंबरचा बाप सांगायचा. झुंबरनं आयुष्यात किती तरी जाळी पाण्यात घातली होती. पहिला मासा एकाही जाळ्यातला बघितला नव्हता.

पहाटे तो एकटाच होडीत बसला. प्रगती काठावर गाळात उभी होती, हातात मोबाइल आणि पाण्यानं भरलेली बादली. वारा पडलेला. पाणी हिरवं आणि दाट. वल्ह्याला त्याचा साका चिकटायचा आणि कुजका वास यायचा. घाटाच्या जागेवर जाळ्याच्या खुणेचे थर्माकोलचे तुकडे तरंगत होते. त्यानं दोरी हातात घेतली. जाळं जड लागलं. शिशाचं जड होतं, माशांचं नव्हतं.

जाळ्याचा पहिला हातभर पट्टा वर आला, रिकामा. दुसऱ्या हाताला काहीतरी थरथरलं. त्यानं सवयीनं तोंड फिरवलं, काठाकडं, आणि हात जाळ्यात घातला.

मासा अरुंद होता. चिलापी असती तर पाठीचे काटे तळव्यात घुसले असते. पोटाखाली बोटाला खरखर लागली. तोंडाशी दोन मिशा त्याच्या अंगठ्यावर वळवळल्या. तोवर बोटांनी जाळ्याचा धागा त्याच्या कल्ल्यातून सोडवला होता. ती बोटं इतकी वर्षं हेच करत आली होती, त्यांना कुणी थांब म्हणालं नाही. हात पाण्यात गेला आणि उघडला.

मासा गेला, मग झुंबरला कळलं.

त्यानं वळून बघितलं. पाण्यावर एक गोल उठला होता आणि पसरत होता. त्या गोलाच्या आत, खाली जाताना, काहीतरी काळं हललं. शेपटी असेल. होडीची सावली असेल.

त्यानं दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात घातले आणि तसाच वाकून राहिला. होडी एका बाजूला कलली. काठावरून प्रगती ओरडली, "आबा, काय घावलं का?"

उरलेलं जाळं त्यानं ओढलं. त्यात तीन चिलाप्या होत्या आणि एक चप्पल.

काठाला आल्यावर त्यानं तिला सगळं सांगितलं. लपवायचं त्याच्या मनातही आलं नाही. प्रगती ऐकत राहिली. तिनं बादली सरळ धरली होती.

"तुमी बघितलंच न्हाय?"

"बघायचं नसतं."

"थोडंसंबी न्हाय?"

"न्हाय पोरी."

तिनं बादलीतलं पाणी गाळावर ओतलं. गाळानं ते लगेच पिऊन टाकलं. "जाऊ द्या," ती म्हणाली. "हाय म्हंजी परत घावंल."

*

ते खरंच होतं असं त्यालाही वाटलं. हाय म्हणजे घावंल. त्यानंतर तो रोज घाटावर गेला. वरच्या पाण्यातलं जाळं टाकणं त्यानं सोडून दिलं, त्यामुळं बाजारात न्यायला मालच उरेना. जोतीरामनं विचारलं, "आजा घावला का?" मग विचारायचं सोडून दिलं. झुंबर तळाशी जाळं टाकायचा, पहाटे काढायचा, दुपारी पुन्हा टाकायचा. उन्हानं मानेची कातडी सोलून निघाली. हिरव्या पाण्यानं हाताला खाज सुटून पुरळ आलं. घास उचलताना बोटं मिटेनात, म्हणून प्रगती भाकरी कुस्करून द्यायची.

जाळ्यात चिलापी येत होती. बारीक, बोटाएवढी, पोटात अंडी घेऊन आलेली. एकदा शिंगटीची पिल्लं आली. झुंबरनं एक हातात घेतलं. त्यालाही मिशा होत्या. त्यानं मुद्दाम तोंड फिरवलं आणि अंगठ्यावर मिशा लागू दिल्या. तसंच लागलं. मग पोट चाचपलं. ते गुळगुळीत होतं. पण तेव्हा हाताला पुरळ नव्हतं, आता होतं. आताच्या हातावर त्याचा विश्वास बसेना, आणि त्या दिवशीच्या हातावर किती ठेवावा तेही कळेना.

रतनचं वर्षश्राद्ध त्याच दिवसांत आलं. पाहुणे आले. जेवणं झाली. कुणीतरी म्हणालं, "झुंबर लई वाळला." त्या दिवशी पाण्यात जायचं नव्हतं. तो ओट्यावर बसून राहिला आणि गेणबाच्या बाजेकडं बघत राहिला. एवढी माणसं गोळा झाली होती, त्यातल्या एकालाही विचारता येण्यासारखं नव्हतं. ज्या बाईला एका नजरेत कळलं असतं, तिच्याच नावानं पानं वाढली होती.

दुसऱ्या दिवशी जाळं वर येईना. ओढलं तर होडीच पुढं जायची. शिसं घाटाच्या दगडांत अडकलं होतं. झुंबरनं सदरा काढला आणि बुडी मारली. खाली काही दिसत नव्हतं. हाताला पायरी लागली, घडीव, शेवाळलेली. त्यानं पायरीच्या कडेनं हात फिरवला. दगडातल्या फटीत बोटं घातली. कुणी तिथं राहत असेल तर कळेल म्हणून. छाती फुटायला आली तेव्हा वर आला. पुन्हा गेला. तिसऱ्या वेळेला पायात जाळ्याचा धागा गुंतला आणि तो घाबरला. वर येऊन होडीची कड धरून ओकला, हिरवं पाणी ओकला.

सुरीनं त्यानं दोरी कापली. जाळं तिथंच राहिलं. आता खडशी असलीच तर त्यातच अडकून मरणार होती, हेही त्याला परत येताना सुचलं. प्रगतीला त्यानं ते सांगितलं नाही.

*

मुदतीच्या दिवशी तो प्रगतीबरोबर बारामतीला गेला. मॅडम म्हणाल्या होत्या, वडिलांना घेऊन ये. त्यानं धुतलेला सदरा घातला. एसटीत पुढच्या बाकावरच्या बाईनं पदर नाकाला लावला आणि खिडकी उघडली. प्रगतीनं ते बघितलं. ती बापाच्या आणखी जवळ सरकून बसली.

राजेश्वरी मॅडम चाळिशीच्या. टेबलावर फायलींचा ढीग. त्यांनी झुंबरला खुर्ची दिली. तो कडेवर बसला.

"काका, प्रगतीनं सगळं सांगितलंय मला. तुम्ही फार कष्ट घेतलेत."

"कष्टाचं काय."

"फोटो नाही. मासा नाही. पण एक मार्ग आहे." त्यांनी फाइल उघडली. "अनुभवी मच्छीमारानं अमुक ठिकाणी, अमुक दिवशी हा मासा पकडला आणि ओळखला, असं तुमचं निवेदन मी जोडू शकते. तो पक्का पुरावा नाही, पण नोंद होते. त्या नोंदीवर प्रकल्प पुण्याला पाठवता येईल. पुढं कुणी शोधायला येईल. मात्र मी विचारीन त्याचं सरळ उत्तर द्या. तुम्ही तो मासा पाहिलात?"

प्रगती खिडकीपाशी उभी होती. ती बाहेर बघत होती.

"बघितला न्हाय," झुंबर म्हणाला. "हाताला लागला."

"हाताला लागला तो खडशीच होता, हे तुम्ही खात्रीनं सांगू शकता?"

हो म्हणायचं होतं. एवढं एकच अक्षर. मॅडमच्या हातात पेन होतं आणि त्या लिहायला तयार होत्या. झुंबरनं स्वतःचा उजवा हात मांडीवर उलटा करून बघितला. पुरळ वाळून त्याच्या खपल्या झाल्या होत्या. त्याला मिशा आठवल्या, खरखर आठवली. ती रोज थोडी वेगळी आठवत होती. रतन असती तर तो हात तिच्यापुढं करून म्हणाला असता, सांग, काय व्हतं? आणि तिनं सांगितलं असतं.

"माझी बायको ओळखायची," तो म्हणाला. "मी नुसता काढायचो."

"म्हणजे?"

"सांगता येत न्हाय, मॅडम. असंल. शिंगटीचं पिल्लूबी असंल."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्या प्रगतीकडं वळल्या. आवाज मऊ होता. "तू किती ठिकाणी, किती दिवस, कोणत्या जाळ्यानं शोधलंस, ते नीट लिही. आणि शेवटी लिही, आढळला नाही. हेही संशोधनच असतं, प्रगती. बाकी कुणी एवढंसुद्धा केलेलं नाही."

"आणि पुण्याचं?"

"त्याला काहीतरी नवं सापडलेलं लागतं गं."

येताना दोघं स्टँडवर बसले. भिगवणची गाडी लवकर आली नाही. झुंबर म्हणाला, "व्हय म्हणाय पायजे व्हतं का मी?"

प्रगतीनं मान हलवली. ती हो म्हणाली की नाही, ते त्याला कळलं नाही.

*

पाऊस झाला. वरची धरणं भरली आणि उजनीत पाणी आलं. गाळाचं मैदान बुडालं, होडी घराजवळ आली. घाटावर किती पुरुष पाणी चढलं हे आता मोजण्यात अर्थ नव्हता. गेणबा आश्विनात गेला. प्रगती पास झाली, चांगल्या गुणांनी, आणि दिवाळीच्या आधी जोतीरामच्या काट्यावर बसायला लागली. तिचं अक्षर सुंदर होतं. बोटांना चिकटपट्ट्या लागत नव्हत्या आता. काटे कुठून धरायचे ते तिला आपोआप आलं. बाजारातली माणसं म्हणत, आयवर गेलीया.

एके संध्याकाळी ती घरी आल्यावर मोबाइल घेऊन ओट्यावर त्याच्याशेजारी बसली. बराच वेळ हातात धरून होती.

"आबा, कॉलेजनं आमचे अहवाल नेटवर टाकलेत."

"बरं झालं."

"त्या ज्ञानकोशात बघितलं मी आज." तिनं पडदा त्याच्याकडं केला. झुंबर चौथी शिकलेला. अक्षरं लावत तो वाचायला लागला. तीच यादी होती. खडशीचं लांब नाव होतं. पुढचा कंस गेला होता. 'संदर्भ हवा' आता तिथं नव्हतं.

"काढलं कुणी?"

"ठावं न्हाय. कुणीबी काढू शकतं."

कंसाच्या जागी एक ओळ आली होती. त्यानं बोट ठेवून वाचली. उजनी जलाशयात ही जात आता आढळत नाही. ओळीच्या शेवटी एक बारीक आकडा.

"ह्यो आकडा कसला?"

प्रगतीनं आकड्यावर बोट टेकवलं. पान सरकन खाली गेलं. तिथं कॉलेजचं नाव होतं, वर्ष होतं, आणि सगळ्यात आधी प्रगतीचं नाव होतं. पूर्ण, बापाच्या नावासकट.

"दाखला माझाच हाय," ती म्हणाली.

झुंबरनं ते दोनदा वाचलं. स्वतःचं नाव त्यानं मतदानाच्या यादीशिवाय कुठं छापलेलं बघितलं नव्हतं. रतनचं नाव कुठं आहे का ते त्यानं वर-खाली करून बघितलं. पडदा त्याच्या बोटानं नीट सरकत नव्हता.

"तुझ्या आयचं न्हाय ह्यात."

"न्हाय," प्रगती म्हणाली. "मॅडमनी गोल केलेली ओळ मी काढून टाकली व्हती."

ती आत गेली. स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला.

थंडी पडायच्या सुमारास त्यानं दुसरं नवं जाळं आणलं, नेहमीच्या घरांचं, वर तरंगणारं. प्रगतीनं न सांगता हळदकुंकू लावून दिलं आणि ती बाजारात गेली. पहाटे पाण्यावर धुकं होतं. लांब कुठंतरी रोहित पक्षी कलकलत होते. झुंबरनं दोरी ओढली. दुसऱ्या हाताला काहीतरी थरथरलं. त्यानं हात जाळ्यात घातला.

या वेळी त्यानं तोंड फिरवलं नाही. डोळे फाडून बघितलं.

चिलापी होती. त्यानं ती सोडवली आणि क्रेटमध्ये टाकली.